कोत्त भाषा: उच्चार, व्याकरण आणि वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोत्त ही भाषा नेमकी कुठली?

दक्षिण सायबेरियातली. आजच्या नकाशावर क्रास्नोयार्स्क आणि कान्स्क ही शहरं शोधा. कान्स्कजवळून कान नदी वाहते, ती पुढे येनिसेईला मिळते. सायान पर्वतातून येणारी आगुल नावाची नदी या कानला मिळते. कान, आगुल आणि पूर्वेकडची बिर्युसा यांच्या आसपासच्या जंगलात कोत्त लोक राहत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर ही भाषा बोलणारं कोणी उरलं नाही.

येनिसेई भाषाकुलातल्या सहा भाषांची आपल्याला बऱ्यापैकी माहिती आहे: केत, यूग, कोत्त, आसान, आरिन आणि पुम्पोकोल. जिवंत आहे ती फक्त केत. यूग विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात गेली, बाकीच्या त्याआधीच. या मेलेल्या भाषांमध्ये व्याकरणाचा खरा ऐवज मागे राहिला तो यूग आणि कोत्त यांचाच. आरिन, आसान, पुम्पोकोल यांच्या वाट्याला शब्दांच्या याद्या आल्या.

कोत्त, कोट्ट की कोट?

रशियन त हा आपल्या त सारखाच दंत्य आहे. इंग्रजीतून नाव उचललं की त्याचा ट होतो. या पानावर सगळीकडे त आहे: कोत्त, केत. तुम्ही कोट्ट लिहिलंत तरी कोणाचं बिघडत नाही, फक्त अंगात घालायचा कोट करू नका.

बोलणारं कोणी नाही, तर व्याकरण कळलं कसं?

एका माणसामुळे. मात्यास अलेक्झांडर कास्त्रेन हा फिनलंडचा भाषाशास्त्रज्ञ १८४५ ते १८४९ या काळात सायबेरियाभर फिरला. अंगात क्षय मुरलेला, प्रवास घोडा, होडी आणि स्लेजने. त्याला मुख्यतः फिनिशच्या दूरच्या नातलग भाषा शोधायच्या होत्या. पण आगुलच्या काठी त्याला कोत्त बोलणारी पाच माणसं भेटली. आजूबाजूचे बाकीचे कोत्त तोवर रशियन किंवा तुर्की कुळातली सायबेरियन भाषा बोलू लागले होते. या पाच जणांनी मात्र एकत्र वस्ती करून आपली भाषा टिकवायची असं ठरवलं होतं. कास्त्रेनने त्यांच्याकडून शब्द घेतले, रूपं घेतली, क्रियापदं चालवून घेतली.

१८५१ मध्ये तो हेलसिंकीच्या विद्यापीठात फिनिश भाषेचा पहिला प्राध्यापक झाला आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या ३८ व्या वर्षी गेला. त्याच्या टिपणांवरून आंतोन शीफनरने सेंट पीटर्सबर्गमध्ये १८५८ साली केत आणि कोत्त यांचं एकत्र व्याकरण जर्मनमध्ये छापलं. म्हणजे ज्याने भाषा कानांनी ऐकली त्याला छापील मुद्रितं तपासताच आली नाहीत. कोत्तबद्दल कोणीही काहीही सांगितलं, हे पानसुद्धा त्यात आलं, तरी माहितीचा मोठा भाग याच एका वाटेने आलेला आहे हे धरून चाला. इंटरनेटवर कोत्तची वाक्यं फिरताना दिसली, तर ती कास्त्रेनकडे सापडतात की कोणा हौशी माणसाने जुळवली आहेत, हे आधी बघा.

कास्त्रेनच्या आधी काहीच नव्हतं?

होतं, पण तुटक. अठराव्या शतकात रशियन राजसत्तेने सायबेरियात मोहिमा पाठवल्या. त्यांतले मेसरश्मिट, म्युलर, फिशर अशा विद्वानांनी वाटेत भेटेल त्या भाषेचे शब्द टिपून घेतले. १७३० च्या दशकात म्युलरला क्रास्नोयार्स्क भागात आर्झामास लोस्कुतोव नावाचा आरिन माणूस भेटला. आरिन येणारे तेव्हाच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते. पुढे कॅथरीन राणीच्या हुकुमावरून पालास या निसर्गशास्त्रज्ञाने सुमारे दोनशे भाषांची तुलनात्मक शब्दसूची १७८७ ते १७८९ या काळात छापली. तीत कोत्त, आसान, आरिन आणि पुम्पोकोल यांचेही शब्द आहेत.

या याद्यांची अडचण अशी, की शब्द रशियन किंवा जर्मन कानाने ऐकलेले आणि वाटेल तसे लिहिलेले. एकच ध्वनी तीन याद्यांत तीन तऱ्हांनी येतो. तरी आसान भाषा कोत्तच्या इतकी जवळची होती, की काही अभ्यासक तिला कोत्तची बोलीच मानतात, हे या याद्यांवरूनच कळलं.

ही रशियनची किंवा तुर्कीची नातलग आहे का?

नाही. रशियनशी तर काडीचाही संबंध नाही. तुर्की आणि मंगोल भाषांशी शेजार होता, त्यामुळे कोत्तमध्ये तुर्की शब्द पुष्कळ शिरले, पण सांगाडा वेगळा आहे. जुन्या पुस्तकांत केत लोकांना 'येनिसेई ओस्त्याक' म्हटलेलं असतं आणि तिथे बरेच जण फसतात. ओस्त्याक हे नाव त्या काळी खान्ती, सेल्कुप आणि केत अशा तीन निरनिराळ्या लोकांना सरसकट लावलं जाई. खान्ती ही हंगेरियनच्या गोतावळ्यातली, सेल्कुप ही सामोयेदी, केत या दोन्हींत बसत नाही. कास्त्रेनच्या व्याकरणाच्या नावातही ओस्त्याक आहे, ते केतच समजायचं.

कोत्तचे उच्चार देवनागरीत लिहिता येतात का?

रोमन लिपीपेक्षा सोपे जातात. युरोपातल्या अभ्यासकांना ज्यासाठी डोक्यावर टोप्या आणि बाजूला चिन्हं लावावी लागतात, त्यातलं बरंचसं आपल्याकडे तयार आहे.

श आहे, आणि तो खूप येतो: शिश (दगड), शेत (नदी), शुर (रक्त), तिश (डोळा). च आहे, तो 'चहा'तला. 'चमचा'तला पहिला च इथे चालणार नाही. त आणि थ, क आणि ख असा श्वासाचा फरक कास्त्रेनने नोंदवला आहे. मराठी माणसाला तो शिकवावा लागत नाही. फ मात्र 'फळ'मधला जुना ओठांचा फ नव्हे, 'फॅन'मधला: फुप (मुलगा), फुन (मुलगी), फेनाङ (वाळू).

ङ हा या भाषेचा लाडका ध्वनी. आपल्याकडे तो वर्णमाला म्हणताना आठवतो आणि एरवी 'अंक', 'गंगा' यांच्या पोटात अनुस्वार होऊन लपतो. कोत्तमध्ये तो शब्दाच्या शेवटी उघडपणे बसतो, दोन स्वरांच्या मध्येही येतो. तोङा म्हणजे तीन. म्हणताना 'तोंगा' होऊ देऊ नका, ग ऐकू येता कामा नये.

स्वरांमध्ये ऱ्हस्व-दीर्घ आहे. शिवाय कास्त्रेन एक असा आ लिहितो की जो फिनिशमध्ये 'बॅट'च्या ॅ सारखा उच्चारतात. म्हणून चारासाठीचा शब्द मी शेगॅ असा लिहितो.

घशात क्षणभर हवा अडवून होणारा झटकाही या कुळात महत्त्वाचा आहे. त्यासाठी मराठीच्या देवनागरीत सोय नाही. खाली केतचे काही शब्द येतील, त्यांत तो गाळला आहे.

केतमध्ये सूर आहेत म्हणतात. कोत्तमध्ये होते का?

केतमध्ये आहेत, आणि एकाक्षरी शब्दांत चार प्रकारचे. सूल हा शब्द सपाट, उंच सुरात म्हटला तर रक्त. घशाच्या झटक्याने तोडला तर एक प्रकारचा पांढरा मासा. लांबवून चढवत मग उतरवला तर बर्फावरची स्लेज. झपकन खाली आणला तर पाळणा अडकवायचा हूक. व्यंजनं आणि स्वर तेच, सूर बदलला की अर्थ बदलतो.

कास्त्रेनला हे केतमध्येही पकडता आलं नव्हतं, मग कोत्तमध्ये त्याने ते वेगळं नोंदवलं नाही यात नवल नाही. पण त्याने स्वरांवर निरनिराळ्या खुणा केल्या आहेत: लांबी, आघात, कुठे तुटकपणा. विसाव्या शतकात हाइनरिख वेर्नर या भाषाशास्त्रज्ञाने कोत्तच्या व्याकरणाची नव्याने मांडणी केली. या खुणांची केत आणि यूगच्या सुरांशी सांगड घालता येते आणि त्यांत सुरांचे अवशेष दडलेले आहेत, अशा दिशेने तो गेला. मला हा तर्क पटतो, कारण सख्ख्या बहिणींत असलेली गोष्ट तिसरीत मुळीच नसेल असं मानायला वेगळं कारण लागेल. पण कागदावरच्या खुणेवरून कानात सूर उमटत नाही, तेव्हा 'कोत्तचे अमुक इतके सूर' असं ठामपणे सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

केतमध्ये ह, कोत्तमध्ये फ, आरिनमध्ये प: हा काय प्रकार आहे?

या भाषाकुलाचा अभ्यास इथपासून गोड लागायला लागतो. शब्द शेजारी ठेवून बघा. मुलगी: केतमध्ये हुन, यूगमध्ये फुन, कोत्तमध्ये फुन. वाळू: केतमध्ये हनाङ, कोत्तमध्ये फेनाङ, आरिनमध्ये फिनाङ, आणि आरिनचा हा फ बहुधा ओठ मिटून केलेला, म्हणजे प च्या घरातला. मुळात प होता. आरिनने तो जवळपास तसाच ठेवला, कोत्त आणि यूगने त्याचा दातांवर घासणारा फ केला, केतमध्ये तो पार विरून ह झाला. सोलापूर-सांगलीकडच्या वाचकांना ही वाट ओळखीची वाटेल. जुन्या कन्नडमधलं 'पालु' (दूध) आज 'हालु' झालं, तमिळमध्ये ते अजून 'पाल'च आहे.

दगडाचा शब्द याहून मजेदार आहे. कोत्त आणि आसानमध्ये शिश, केतमध्ये तिस, यूगमध्ये चिस, आरिनमध्ये केस, पुम्पोकोलमध्ये कित. (केत-यूगमधली इ ही जीभ मागे ओढून म्हणायची.) वरवर पाहता कशाचा कशाला पत्ता नाही. पण शेवटचं व्यंजन बघा: इतरत्र स किंवा श, तिथे पुम्पोकोलमध्ये त. आता नदी घ्या. केतमध्ये सेस, कोत्तमध्ये शेत, आरिनमध्ये सात, पुम्पोकोलमध्ये तेत किंवा तात. इतरांचा सुरुवातीचा स किंवा श पुम्पोकोलमध्ये पुन्हा त झाला. एकदा घडलं तर योगायोग म्हणता आला असता.

पाण्याचा शब्द केत, कोत्त आणि पुम्पोकोलमध्ये उल. आरिनमध्ये मात्र कुल. आरिनला असा पुढे क लावायची खोड का होती, यावर अभ्यासकांचे निरनिराळे तर्क आहेत.

कोत्तमध्ये लिंगं किती?

तीन: पुल्लिंग, स्त्रीलिंग आणि निर्जीव. मराठीतही तीन आहेत म्हणून हुरळून जाऊ नका, वाटणी वेगळी आहे. आपल्याकडे भिंत स्त्रीलिंगी आणि दगड पुल्लिंगी का, याला उत्तर नाही. येनिसेई भाषांत लिंग बरंचसं अर्थावर चालतं. माणसं, प्राणी यांना पुल्लिंग-स्त्रीलिंग, वस्तूंना निर्जीव. त्यातही लोकांच्या समजुती डोकावतात: केतमध्ये सूर्य स्त्रीलिंगी, चंद्र पुल्लिंगी, ताठ उभं मोठं झाड पुल्लिंगी, विस्तव स्त्रीलिंगी.

सर्वनामांत कोत्त केतपेक्षा जास्त चोखंदळ. केतमध्ये तो आणि ती दोघांनाही बू. कोत्तमध्ये तो म्हणजे उयु, ती म्हणजे उया. बाकीची सर्वनामं अशी: मी आइ, तू आउ, आम्ही आयोङ, तुम्ही आउओङ, ते उनियाङ. आम्ही आणि आपण असा मराठीतला भेद इथे नाही.

अनेकवचन कसं करतात?

शेवटी न किंवा ङ लावून. ऐकायला सोपं, पण नेहमीचे शब्द नियमाला जुमानत नाहीत. शिश (दगड) चं अनेकवचन शेङ. आतला स्वर बदलला, शेवटचा श गळाला आणि ङ आला. केतमध्येही तिसचं अनेकवचन याच वळणाने जातं, म्हणजे ही मोडतोड कोत्तने स्वतः केलेली नाही, घरून आलेली आहे.

माणूस म्हणजे हित, केतमध्ये हाच शब्द केत. माणसं मात्र कोत्तमध्ये चेॲङ आणि केतमध्ये देङ. एकवचन आणि अनेकवचनाचं मूळच वेगळं. विसाव्या शतकात 'ओस्त्याक' हे नाव मागे पडून 'केत' रूढ झालं ते याच 'माणूस' शब्दावरून.

विभक्ती आहेत का?

आहेत, आणि मराठी माणसाला त्या चटकन कळाव्यात. आपण 'माणूस'ला थेट 'ला' लावत नाही, आधी 'माणसा' असं सामान्यरूप करतो. येनिसेई भाषांतही चतुर्थी, पंचमी यांसारख्या विभक्ती षष्ठीच्या रूपावर उभ्या राहतात, आणि त्या षष्ठीत लिंग दिसतं. केतमध्ये ओप म्हणजे बाप, आम म्हणजे आई. बापाला: ओब्दाङा. आईला: आम्दिङा. शेवटचं ङा दोघांनाही सारखं, मधला दा पुल्लिंगाचा आणि दि स्त्रीलिंगाचा.

कोत्तमध्ये यातला द पडलेला दिसतो. पुल्लिंगाला नुसता आ आणि स्त्रीलिंग-निर्जीवाला इ राहतो. त्यापुढे चतुर्थीला गा, पंचमीला चाङ. निर्जीव आणि स्त्रीलिंग इथे एका बाजूला जातात हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. नवख्यांचा गोंधळ बहुतेक वेळा इथेच होतो.

एक ते दहा सांगा.

हूचा, ईना, तोङा, शेगॅ, खेगॅ, खेलूचा, खेलीना, खाल्तोङा, चुमनागा, हागा.

दहाच्या शब्दावर आधी सगळ्यांनी हसून घ्या, मग पुढे जाऊ.

सहा, सात, आठ यांच्याकडे जवळून बघा. खेलूचामध्ये हूचा (एक) आहे, फक्त त्याचा ह गळलाय. खेलीनामध्ये ईना (दोन) जसाच्या तसा आहे. खाल्तोङामध्ये तोङा (तीन). पुढचा खेल किंवा खाल हा तुकडा पाचाच्या खेगॅशी जोडलेला. म्हणजे सहा म्हणजे पाच-एक, सात म्हणजे पाच-दोन, आठ म्हणजे पाच-तीन. एक हात संपला की दुसऱ्या हाताची बोटं मोजायची, हे शब्दांतच दिसतं.

केतने वेगळी वाट धरली. तिथे सहा आणि सात यांना स्वतंत्र शब्द आहेत, पण आठ म्हणजे 'दोन नसलेले दहा' आणि नऊ म्हणजे 'एक नसलेले दहा': कुसाम बन्साङ को. एकोणीस, एकोणतीस म्हणत मोठ्या झालेल्यांना यात काही खटकायचं कारण नाही. एका कुळातल्या दोन भाषांनी मोजण्याच्या दोन निरनिराळ्या रीती लावाव्यात, हे मला त्यांच्या क्रियापदांइतकंच रंजक वाटतं.

क्रियापद इतकं अवघड का म्हणतात?

कारण वाक्यातलं बरंच सामान क्रियापदातच भरलेलं असतं. आधी केत घेऊ, तिथली रूपं आजच्या बोलण्यातून तपासलेली आहेत. 'मी ते करतो' हे एका शब्दात दिब्बेत. 'मी ते केलं' हे द्बिल्बेत. दुसऱ्याचे तुकडे पाडले तर द म्हणजे मी, ब म्हणजे ते (निर्जीव कर्म), इल म्हणजे भूतकाळ आणि शेवटी बेत म्हणजे करणं. कर्ता सगळ्यात पुढे, मूळ धातू सगळ्यात मागे, मध्ये कर्म आणि काळ. मराठीत आपण धातूला मागून प्रत्यय जोडत जातो, कर-त-ो, कर-त-ोस. इथे गाडी उलटी लागली आहे, इंजिन शेवटी.

यात आणखी जागा असतात. शरीराचा भाग, हत्यार, दिशा, क्रिया एकदाच झाली की पुन्हापुन्हा, यांचे तुकडेही त्या साखळीत बसतात. शिवाय कोणत्या क्रियापदात कर्ता कोणत्या जागी दाखवायचा हे सरसकट नियमाने ठरत नाही, क्रियापदागणिक पाठ करावं लागतं. ही केतची रचना नीट उलगडायला विसाव्या शतकाचा उत्तरार्ध उजाडावा लागला. मग कास्त्रेनची कोत्तची कोष्टकं वाचताना अभ्यासकांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला, कारण त्याने जे 'अनियमित' म्हणून बाजूला ठेवलं होतं त्यातलं बरंचसं या जागांच्या हिशेबात बसत होतं.

कोत्तचं वैशिष्ट्य असं, की तिने पुरुष आणि वचन यांचा मोठा भाग क्रियापदाच्या शेवटाकडे सरकवला. उत्तमपुरुषी एकवचनी रूपाच्या शेवटी बऱ्याचदा ङ दिसतो. भूतकाळाचे ल आणि न मात्र कोत्तमध्येही आहेत. शेजारच्या तुर्की भाषा सगळं शेवटी लावतात, त्यांच्या संगतीने कोत्तही त्या वळणावर गेली, असं मानतात. दोन्ही बोलणारी द्विभाषिक माणसं डोळ्यांसमोर आणली तर ते सहज पटतं. वाक्याचा क्रम तेवढा आपल्यासारखा: कर्ता, कर्म, क्रियापद.

नामालाच क्रियापदासारखं चालवतात हे खरं का?

खरं. केतमध्ये आक्ता म्हणजे चांगला. 'तो चांगला आहे' म्हणायला 'आहे' लागत नाही: बू आक्तादु. ती चांगली: बू आक्तादा. सर्वनामात जो भेद केतने केला नाही तो या दु-दा मध्ये केला. कोत्तमध्येही विशेषणाला आणि नामाला असे पुरुषवाचक प्रत्यय लागत.

भाषा मेली कशाने?

रोगाची साथ, हत्याकांड असं एकच नाट्यमय कारण शोधू नका. कोत्त लोक संख्येने थोडे होते आणि रशियन यायच्या आधीच येनिसेई किर्गिझांसारख्या बलाढ्य शेजाऱ्यांना खंडणी देत होते. १६२८ मध्ये क्रास्नोयार्स्क आणि कान्स्कचे लाकडी कोट उभे राहिले आणि खंडणीचा धनी बदलला. सेबल वगैरेंच्या कातड्यांच्या रूपाने घ्यायच्या या कराला यासाक म्हणत. मग रशियन शेतकरी आले, जंगल आणि शिकार आक्रसली, लग्नसंबंध बाहेर होऊ लागले. कोणी रशियन झाले, कोणी तुर्की बोलणाऱ्यांत मिसळले. माणसं मेली नाहीत, त्यांच्या मुलांनी दुसरी भाषा उचलली. कान्स्क भागातल्या आजच्या रहिवाशांपैकी कितीतरी जणांचा एखादा पूर्वज कोत्त असेल.

आज कोत्तचं काही उरलंय का?

नद्यांची नावं. मॉस्कोहून पूर्वेला जाणाऱ्या रेल्वेवर ताइशेत नावाचं मोठं जंक्शन आहे, बैकाल-आमूर रेल्वेमार्ग तिथूनच फुटतो. त्या नावातला शेत म्हणजे कोत्तमधली नदी. रेल्वे आली, शहर वसलं, नाव राहिलं. पश्चिमेकडे चुलिम नदीच्या खोऱ्यात तात किंवा दात ने संपणारी नावं आढळतात, ती पुम्पोकोलसारख्या भाषांची. व्होल्गाकाठच्या जर्मनांना १९४१ मध्ये पूर्वेकडे हद्दपार केलं, त्यात आंद्रेइ दुल्झोन हा भाषाशास्त्रज्ञ तोम्स्कला येऊन पडला. त्याने या नावांचा आयुष्यभर पाठपुरावा केला. आज केत बोलली जाते त्याच्या कितीतरी दक्षिणेला ही नावं पसरलेली आहेत. म्हणजे हे लोक मूळचे उत्तरेकडचे नव्हेत, दक्षिणेकडून वर सरकले.

नवाहो, हूण, बुरुशास्की: यांच्याशी नातं असल्याचं वाचलं. खरं काय?

तिन्ही दावे एका मापाचे नाहीत.

पहिला सर्वांत भक्कम. एडवर्ड वायदा या भाषाशास्त्रज्ञाने २००८ मध्ये मांडलं, की येनिसेई भाषा आणि उत्तर अमेरिकेतल्या अथाबास्कन, एयाक, त्लिंगित या भाषा एकाच मूळच्या. नवाहो ही अथाबास्कनपैकी. त्याचा भर नुसत्या शब्दांच्या साम्यावर नव्हता, क्रियापदातल्या जागांच्या क्रमावर होता. म्हणूनच बऱ्याच जाणत्यांनी ते गंभीरपणे घेतलं. लायल कॅम्बेलसारख्यांनी पुरावा अपुरा असल्याचं सांगितलं. वाद मिटलेला नाही.

दुसरा दावा चीनच्या उत्तरेकडच्या शिओङ्नू लोकांचा. पुलीब्लँकने १९६२ मध्ये त्यांची भाषा येनिसेई असावी असं सुचवलं. शिओङ्नूंचीच एक शाखा मानल्या जाणाऱ्या, चौथ्या शतकातल्या जिए लोकांची दहा अक्षरांची एक ओळ चिनी लिपीत उरली आहे, ती येनिसेईच्या आधाराने वाचायचे प्रयत्न झाले. अगदी अलीकडे आरिनचं नाव पुढे आलं आहे. पण स्कंदगुप्ताने ज्यांना थोपवलं ते हूण आणि हे शिओङ्नू एकच, असं गृहीत धरून लगेच पुढची उडी मारू नका. तो वेगळाच वाद आहे.

तिसरा, गिलगिटजवळच्या हुंझा-नगरमधल्या बुरुशास्कीचा. व्हान ड्रीमने तो मांडला. माझ्या मते तिघांत हा सगळ्यात कच्चा.

कोत्तचं ध्वनिमुद्रण ऐकायला मिळेल का?

नाही. ध्वनिमुद्रणाचं यंत्र निघालं तोवर भाषा संपली होती. कानच्याच वरच्या खोऱ्यात कामासिन नावाची सामोयेदी भाषा होती. तिची शेवटची जाणकार क्लावदिया प्लोत्निकोवा १९८९ मध्ये वारली. तिचा आवाज एस्टोनियाच्या अभ्यासकांनी टेपवर घेऊन ठेवला आहे. कोत्तची शेजारीण, पण कुळ वेगळं, तेव्हा तो आवाज कोत्तचा म्हणून ऐकू नये. येनिसेई कुळाचा कान तयार करायचा असेल तर केत ऐका. २०१० च्या रशियन जनगणनेत १,२१९ जणांनी स्वतःला केत म्हटलं आणि २१३ जणांनी भाषा येते असं सांगितलं. घरात सर्रास बोलणारे त्याहून बरेच कमी, मुख्यतः केल्लोगसारख्या गावांतली वयस्कर मंडळी.

मला कोत्त शिकायची आहे. सुरुवात कुठून करू?

बोलण्यासाठी शिकता येणार नाही. तेवढी वाक्यंच नोंदलेली नाहीत. वाचून समजून घ्यायची असेल तर आधी केतचं क्रियापद शिका, निदान जागांचा क्रम तरी. त्याशिवाय कास्त्रेनची कोष्टकं उघडलीत तर डोकं भणाणून जाईल. त्याचं व्याकरण जर्मनमध्ये आहे. कॉपीराइटची मुदत कधीच संपली आहे, त्यामुळे त्याच्या स्कॅन केलेल्या प्रती मोफत मिळतात. छपाई जुन्या धाटणीची असली तरी तक्ते वाचायला फारसं जर्मन लागत नाही. वेर्नरचं १९९० चं कोत्तवरचं पुस्तक रशियनमध्ये आहे. दोन्ही समोर ठेवून एकच शब्द दोघे कसा लिहितात ते बघत जा. सर्वनामं आणि आकडे आधी घ्या, विभक्ती मग. क्रियापदाला हात घालायची घाई करू नका.

शब्दांची वही करणार असाल तर प्रत्येक शब्दापुढे एक रकाना ठेवा: कास्त्रेन, पालास की म्युलर. हा रकाना नसलेल्या याद्या मला वाचकांकडून येतात, आणि त्यांत निम्मे आसानचे शब्द कोत्तचे म्हणून घुसलेले असतात.